काकूंना दिसेपर्यंत

"मान खाली," काकू म्हणाल्या. "वर बघितलंस की संपलं. घड्याळात बघ आणि ओरड."

मी घड्याळात बघून ओरडलो, "झाकण!"

अंगणात आवटी सरांनी नळीच्या तोंडावरचं पत्र्याचं झाकण उचललं आणि मोठ्याने म्हणाले, "काढलं." मग कॅमेऱ्याचा खटका, फिल्म पुढे ओढल्याची कुरकुर, परत खटका. समोर आकाशात काहीच नव्हतं. शेजाऱ्यांच्या चिंचेवर एक कावळा तेवढा बसलेला असायचा. कॅमेऱ्यात फिल्म असती तर त्या महिन्यात मिरजेतल्या त्या कावळ्याइतके फोटो कोणाचेच निघाले नसते.

"झाकण लावा!" मी परत ओरडलो.

"लावलं."

"आवाज अजून मोठा हवा," काकू म्हणाल्या. "तिथे माळावर वारा असेल."

काकू मधल्या खोलीत खिडकीला लागून असलेल्या पलंगावर बसून हे सगळं करून घेत होत्या. डावा पाय लोडावर, गुडघ्यापासून पावलापर्यंत प्लास्टर. वरच्या कौलांतून दुपारचे दोन-चार कवडसे त्या पांढऱ्या प्लास्टरवर पडले होते, आणि बोलता बोलता त्या एका कवडशावर बोट ठेवून तो बोटावर घेत होत्या.

हे १९८० सालच्या फेब्रुवारीतलं. सोळा तारखेला शनिवारी दुपारी खग्रास सूर्यग्रहण होतं. मिरजेत ते खंडग्रास दिसणार होतं. सूर्याची बारीकशी कोर शिल्लक राहणार होती. सगळा सूर्य झाकलेला बघायचा तर खाली गदगच्या पुढे जायला हवं होतं. आमच्या छायाचित्र मंडळाने जायचं ठरवलं. मंडळ म्हणजे नाव मोठं आणि सभासद दहा-बारा, त्यातही चहाला येणारे जास्त. प्रत्यक्ष निघणार होते चौघं: शाळेतून निवृत्त झालेले आमचे अध्यक्ष आवटी सर, त्यांच्या पत्नी प्रमिलाकाकू, कापडाचे व्यापारी शिवलिंग कोरे आणि सतार तयार करणारे इब्राहिम मुजावर. नीट वाचलंत तर त्यात मी नाही. मी चोविसाचा, वीज मंडळात नवा लागलेला, आणि मंडळातही सगळ्यांत नवा. घड्याळ धरून ओरडायचं काम काकूंचं होतं. निघायच्या आठवडाभर आधी न्हाणीत त्यांचा पाय घसरला, घोटा मोडला, आणि गाडीतली त्यांची जागा माझ्याकडे आली.

सरांनी तर जाणंच रद्द केलं होतं. मी तिथेच होतो म्हणून सांगतो.

"तू नाहीस तर मी तरी कशाला?" सर म्हणाले.

"वा! म्हणजे आता दोघांचंही राहू दे," काकू म्हणाल्या. "लहानपणी ग्रहण लागलं की आजी आम्हा मुलींना कणगीच्या खोलीत घालून कडी लावायची. लग्न झाल्यावर त्या एका वेळी, दिवस गेले होते तेव्हा, तुमच्या आईंनी मला अंधारात बसवलं. हलू नको, बोट वाकवू नको, काही चिरू नको. मी हलले नाही. तरी मूल राहिलं नाहीच. तेव्हापासून ठरवलंय, एकदा उघड्यावर उभं राहून बघायचं, काय असतं ते. आता मला जाता येत नाही. पण तुम्ही घेऊन या. पडद्यावर बघेन मी."

हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं, भाजीवाली काय म्हणाली हे सांगावं तसं. सर उठून अंगणात गेले आणि कॅमेऱ्याच्या तिकाटण्याचे स्क्रू घट्ट करत बसले.

"पडद्यावर बघेन" याचा अर्थ आमच्याकडे काय होता ते सांगायला हवं. हल्ली आमचा फोनवर एक फोटोंचा गट आहे. सकाळचा चहा व्हायच्या आत तीस सूर्योदय येऊन पडतात, खाली तीस अंगठे, आणि संध्याकाळी विचारलं तर एकालाही एक सूर्योदय आठवत नाही. मीही अंगठे देतो, नाही असं नाही. पण माझी शिकवणी आवटी सरांच्या घराच्या पुढच्या सोप्यात झाली आहे, त्यामुळे हात जरा जड पडतो.

तिथे दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही जमायचो. भिंतीवर पांढरी चादर, टेबलावर प्रोजेक्टर. स्लाइडच्या फिल्म धुवायला मुंबईला जायच्या आणि महिन्याभराने पुठ्ठ्याच्या डब्यातून परत यायच्या. तो डबा कोणी घरी उघडायचा नाही, सभेतच फोडायचा, असा सरांचा नियम होता. स्वतःचे फोटोही सगळ्यांबरोबर पहिल्यांदाच बघायचे. ज्याची स्लाइड पडद्यावर असेल त्याने तोंड मिटून बसायचं; बोलायचं ते बाकीच्यांनी. आणि पुढची स्लाइड कधी? तर काकू "दिसलं" म्हणाल्यावर. काकूंनी जन्मात कॅमेरा हातात धरला नव्हता. सर म्हणायचे, "फोटो काढणाऱ्याला त्याने काय काढायचं ठरवलं होतं तेच दिसतं. चादरीवर खरंच काय आहे, ते हिला दिसतं." काकू प्रोजेक्टरशेजारी बसून स्लाइडी घालायच्या. कधी दोन क्षणांत "दिसलं" म्हणायच्या, आणि मग तो फोटो काढणारा महिनाभर खट्टू. कधी एखाद्या साध्याशा फोटोपाशी कितीतरी वेळ गप्प बसायच्या, आणि आम्ही सगळे ताटकळत परत परत तो बघायचो. बघता बघता त्यात काहीतरी सापडायचंच.

कोऱ्यांचं आणि काकूंचं मात्र जमायचं नाही. कोरे प्रत्येक फोटो कापड बघितल्यासारखा बघायचे. काठ सरळ आहे का, रंग उतरलाय का, पोत कसा आहे. "फोटू बरा हाय, पर काठ तिरपा हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा माझ्या कृष्णाघाटाच्या फोटोत त्यांनी नदी उजवीकडे सांडतेय म्हणून सांगितलं. मी आठवडाभर मंडळ सोडायचा विचार करत होतो.

शुक्रवारी पहाटे कोऱ्यांच्या मेटॅडोरमधून निघालो. मागे कापडाच्या गठ्ठ्यांच्या जागी सरांची नळी, गादीत गुंडाळलेली. जुन्या दुर्बिणीचं भिंग पत्र्याच्या नळीत बसवून सरांनी ती स्वतः केली होती; कॅमेरा तिच्या मागच्या टोकाला जोडायचा. तिच्या तोंडाला पावडरच्या डब्याचं झाकण, त्याला मधोमध भोक, आणि भोकावर काळ्याकुट्ट फिल्मचे दोन थर. सूर्याची एवढीशी कोर जरी बाहेर असली तरी त्या थरांतूनच फोटो काढायचा. पण सूर्य पूर्ण झाकला गेला की उजेड इतका कमी, की ते झाकण काढल्याशिवाय फिल्मवर काही उमटणारच नाही. आणि सगळं मिळून वेळ अडीच मिनिटं. म्हणून तर तालीम.

आणखी एक गोष्ट सरांनी ठरवली होती. कॅमेरा एकच न्यायचा. "चौघांनी चार कॅमेरे नेले तर प्रत्येक जण आपापल्या फोटोच्या मागे लागेल," ते म्हणाले. "आपल्याला एक फोटो हवाय. तिच्यासाठी." कोरे कुरकुरले, पण त्यांनी कॅमेरा घरी ठेवला. मुजावरांनी मान हलवली. बोलण्यात ते कंजूष होते.

शनिवारी दुपारी आम्ही एका खेड्याबाहेरच्या माळावर उभे होतो. गावात एक माणूस बाहेर नव्हता. दारं बंद, खिडक्यांवर पोती. एका घराच्या फटीतून एक बाई आमच्यावर कानडीत ओरडली. कोऱ्यांनी कानडीतच उत्तर दिलं.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"आत या, मराल म्हणाली. मी सांगितलं, आम्ही सरकारी माणसं हाव, सूर्य मोजायला आलोय. म्हणली, मग मरा."

ग्रहण लागलं. सर झाकणातून एकेक फोटो घेत होते. सूर्याचा चतकोर गेला, अर्धा गेला. उजेड कमी होत होता, पण संध्याकाळी होतो तसा नाही. ऊन होतं आणि उन्हातला जीव निघून गेला होता. अंगाला गार लागायला लागलं. माझ्या पायाजवळच्या गवताच्या सावल्या इतक्या रेखीव झाल्या की पात्यांवरची लवही सावलीत दिसत होती. माझं लक्ष घड्याळावर.

"झाकण!" मी ओरडलो.

"हो," सर म्हणाले.

आणि अंधार आला. आला म्हणजे अंगावरून गेला. कोरे "आईऽऽ" म्हणाले ते मी ऐकलं. मी मान खाली घालून काटा बघत होतो, शिकवल्याप्रमाणे. तेवढ्यात सरांचा आवाज आला, तालमीत कधीच न आलेला.

"चौगुले, मान वर कर. सगळे वर बघा. घड्याळ राहू दे."

मी मान वर केली.

काय पाहिलं ते इथे सांगत नाही. काकूंना सांगायच्या आधी तुम्हाला सांगितलं तर ते बरं दिसणार नाही. एवढंच सांगतो की शेजारी सरांचा खटका वाजत होता, फिल्म ओढल्याची कुरकुर होत होती, परत खटका, अगदी तालमीसारखा. सरांची मान आकाशाकडे होती आणि ते सारखे काहीतरी बोलत होते.

मग एका कडेने उजेड फुटला. मी भानावर येऊन ओरडलो, "झाकण लावा!" सरांचा हात नळीच्या तोंडाकडे गेला आणि तिथेच राहिला. "लावलं" म्हणाले नाहीत. मला वाटलं, भारावले असतील. आम्ही सगळेच तसे होतो. मुजावर खाली जमिनीवर बसले होते. कोरे पाठमोरे उभे राहून डोळे पुसत होते, आणि मी बघितलं हे कळल्यावर माझ्यावर खेकसले, "धूळ हाय रे."

परत येताना गाडीत एकदा सरांनी मला विचारलं, "चौगुले, तू झाकण म्हणालास तेव्हा मी काय म्हणालो?"

"हो म्हणालात."

"काढलं, असं नाही म्हणालो?"

"नाही. हो म्हणालात. पण एकच ना ते?"

सर बेळगाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

घरी पोचलो तेव्हा काकू पलंगावरच होत्या. प्लास्टरला आता जुन्या लुगड्याचं फडकं गुंडाळलेलं होतं, मळू नये म्हणून. आम्ही चौघं दारात दिसताच त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

"एक शब्द बोलायचा नाही कोणी. कोरे, तुम्ही तर नाहीच नाही. मला ऐकायचं नाहीये, बघायचंय." मग सरांकडे वळून म्हणाल्या, "मिळालं?"

"डब्यात आहे," सर म्हणाले.

मार्चमधल्या शेवटच्या रविवारची सभा मी आयुष्यात विसरणार नाही. सोप्यात बसायला जागा नव्हती. एरवी सहा महिन्यांत न फिरकलेले सभासद सहकुटुंब आले होते. काकू प्रोजेक्टरशेजारी खुर्चीत, समोरच्या स्टुलावर फडक्यात गुंडाळलेला पाय. दुसऱ्या दिवशी प्लास्टर कापायचं होतं. खरं तर आठ दिवस आधीच कापायचं होतं, पण सभा झाल्याशिवाय कापायचं नाही म्हणून त्या हटून बसल्या होत्या. मला वाटलं, बाईंचा काही नवस असेल.

सरांनी डबा फोडला. दिवा मालवला.

पहिल्या स्लाइडींना लोक वाहवा करत होते. काळ्या चादरीवर फिकट निळसर सूर्य, त्याला एका बाजूने पडलेला घास. मग मोठा घास. मग अर्धा. कोरेसुद्धा म्हणाले, "काठ झकास हाय." मग कोर, मग नखाएवढी कोर, मग केसाएवढी. काकू प्रत्येक वेळी लगेच "दिसलं" म्हणत होत्या. त्यांना पुढे जायची घाई झाली होती. त्यांचा आवाज मुलीसारखा झाला होता.

पुढची स्लाइड आत गेली आणि खोलीत अंधार झाला.

कोणाला तरी वाटलं दिवा गेला. पण प्रोजेक्टरचा पंखा घरघरत होता. चादरीच्या कडेने किंचित उजेड झिरपत होता आणि मधे नुसतं काळं. मुंबईच्या लोकांनी काळ्या चौकटीसुद्धा इमानाने पुठ्ठ्यात बसवून पाठवल्या होत्या.

मला "हो" आठवलं. सर भिंतीला टेकून उभे होते. त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण त्यांना आश्चर्य वाटलेलं नाही हे त्यांच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं. महिनाभर हा माणूस हे ओळखून होता, आणि न उघडलेल्या डब्याच्या आशेवर राहिला होता.

"खराब झालेली दिसतेय," मागून कोणीतरी म्हणालं. "पुढची लावा."

"पुढचीही अशीच असेल," दुसरा म्हणाला. "झाकण राहिलं वाटतं."

"पुढची नको," काकू म्हणाल्या. "मला अजून दिसलं नाही."

त्यांचा आवाज आता मुलीसारखा नव्हता. पण त्यांनी स्लाइड काढली नाही. हात मांडीवर ठेवून त्या काळ्या चादरीकडे बघत बसल्या. नियमाप्रमाणे सरांना बोलता येत नव्हतं. बोलायचं बाकीच्यांनी. मला तर तिथून पळून जावंसं वाटत होतं.

तेवढ्यात कोऱ्यांनी घसा खाकरला. मी मनात म्हटलं, संपलं आता.

"फोटू चांगला हाय," कोरे म्हणाले.

कोणीतरी हसलं. कोऱ्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांची मान किंचित तिरपी झाली होती, गठ्ठा उलगडून बघताना व्हायची तशी.

"काळा रंग एकसारखा न्हाई बघा वहिनी. नीट बघितलं तर दोन काळे हाईत. मधला गोल एकदम काळा. त्यात काय सुदीक न्हाई, भोक पडल्यासारखा. आणि भोवतीचं आभाळ काळं न्हवंच. चंद्रकळेचं लुगडं उन्हात धरलं की आतनं निळं मारतं बघा, तसलं. त्या दोन काळ्यांच्या मधी पांढरं हाय. जरीचं न्हवं. जर चमकतो, ह्ये चमकत न्हाई. रेशमाची लड सुटल्यागत, चारी अंगाला, कुठं आखूड कुठं लांब. शेवंतीला कशा पाकळ्या असत्यात, तशा. आणि खाली डाव्या अंगाला गोलाच्या काठावर एक टिपका हाय. डाळिंबी. दाण्याएवढा. बाकी सगळ्या फोटूत तेवढाच रंग हाय." ते थांबले. "चाळीस वर्सं कापड बघतोय. असला रंग आपल्याकडं येत न्हाई."

सोप्यात कोणी हलत नव्हतं.

"काठ?" काकूंनी विचारलं.

"काठ सरळ हाय," कोरे म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला. "वहिनी, काठात एवढीशी चूक न्हाई."

मग कोणी न सांगता मुजावर बोलायला लागले. मी त्यांना एका दमात इतकं बोलताना आधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही.

"मला वरच्यापेक्षा खालचं सांगायचंय, भाभी. संध्याकाळ एका बाजूला असते. आपण मावळतीकडे तोंड करतो, नमाज पढतो. त्या दिवशी चारी बाजूंना मावळती होती. जिकडे बघाल तिकडे जमिनीलगत तांबूस पट्टा, आणि मधे आम्ही अंधारात. मी गोल फिरलो. म्हटलं, तोंड कुठे करू? मग खाली बसलो. आणि आवाज नव्हता. बगळे घाईने झाडावर आले आणि गप झाले. गावातली कुत्री गप. सतारीची तार छेडल्यावर शेवटी शेवटी ती ऐकू येत नाही, पण बोट लावलं तर थरथरत असते. तसा सगळा माळ थरथरत होता. मी जमिनीला हात लावून बघितला."

"गार होती?" काकूंनी विचारलं.

"गार होती."

"चांदण्या?"

मुजावरांनी माझ्याकडे बघितलं. माझी पाळी होती.

"एक मोठी," मी म्हणालो. "शुक्र. सूर्याच्या बराच वर. भर दुपारी, काकू. आणि अंधार आला तो वरून आला नाही. पश्चिमेकडून जमिनीवरून धावत आला. मी खाली मान घालून घड्याळात बघत होतो आणि एकदम काटा दिसेना. मला भीती वाटली. खरंच वाटली. मग सर म्हणाले, मान वर कर. वर बघितलं आणि भीती गेली. का गेली ते मला सांगता येत नाही. आपण इतके लहान आहोत हे कळलं आणि त्याचं बरं वाटलं."

पुढचं सांगावं की नाही ते कळेना. मग सांगितलं.

"काकू, सर खटका दाबत होते पण कॅमेऱ्याकडे बघत नव्हते. वर बघून बोलत होते. मी शेजारीच होतो. ते म्हणत होते, 'प्रमिला, बघ. प्रमिला, अगं बघ.' सगळा वेळ तेच म्हणत होते. परत ऊन पडेपर्यंत."

प्रोजेक्टरचा पंखा घरघरत होता. त्या काळ्या चादरीकडे आम्ही सगळे बघत होतो, जे माळावर आले नव्हते तेही. आणि मी शपथेवर सांगतो, मला त्या चादरीवर ते परत दिसत होतं. मधला गोल, सुटलेलं रेशीम, डाळिंबाचा दाणा. बऱ्याच वेळाने काकूंनी नाकाला पदर लावला.

"दिसलं," त्या म्हणाल्या.

आता सरांना बोलायची मुभा होती. ते पुढे आले. "प्रमिला, झाकण मी..."

"कळलंय मला," काकू म्हणाल्या. "महिनाभर झोपेत झाकण झाकण करताय. मला काय स्वयंपाकघरातलं वाटलं असेल?" आणि त्या रडता रडता हसल्या. "दिवा लावा कोणीतरी. आता माझा फोटो."

"तुझा?"

"मीही आणलाय एक. सभेतच फोडायचा ना? नियम तुमचाच."

मी दिवा लावला. काकूंनी वाकून पायावरच्या फडक्याची गाठ सोडली, साडी वीतभर वर सरकवली आणि फडकं उलगडायला सुरुवात केली. माणसं संकोचाने इकडेतिकडे बघायला लागली, आणि मग कोणालाच नजर हलवता येईना.

घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, नागमोडी ओळीत, पेन्सिलीने काढलेले सूर्य होते. स्लाइडवर खुणा करायच्या सरांच्या पेन्सिलीने. घोट्यापाशी पूर्ण गोल, रुपयाएवढा. त्याच्या पुढचा कडेला जरासा खाल्लेला. त्याच्या पुढचा अजून. नडगीच्या मध्यावर आले तोवर त्यांच्या कोरी झाल्या होत्या, आणि मग इतकी बारीक कोर की नखाने ओढल्यासारखी. तिथून परत दुसऱ्या बाजूने भरत भरत गुडघ्याखाली शेवटचा गोल. एकही जागा गाळलेली नव्हती. आमच्या डब्यातल्या सगळ्या स्लाइडी एका पायावर होत्या.

"कवडसे," सर पुटपुटले.

"तुम्ही दर वर्षी म्हणता, कौलं शाकारून घेऊ. बरं झालं नाही घेतलीत," काकू म्हणाल्या. "मी आपली अंधारात पडले होते, खिडक्या बंद करून गेली होती शेजारची. आणि बघते तर पायावरच्या कवडशाला कोणीतरी चावलंय. मग दुसरा बघितला, तिसरा बघितला, सगळेच चावलेले. घरभर. जमिनीवर, भिंतीवर, उशीवर. घरात इतके सूर्य मी कधी बघितले नव्हते. पेन्सिल उशाशी होती, घेतली. पण कवडसा सरकतो ना. काढेपर्यंत पायावरून खाली उतरायचा. मग मी पाय त्याच्या मागे सरकवत गेले. दोन्ही हातांनी धरून, इकडून तिकडे, सबंध पलंगभर."

"डॉक्टरांनी पाय हलवायचा नाही म्हणून सांगितलं होतं," सर म्हणाले.

"हो," काकू म्हणाल्या. "त्या वेळीही सांगितलं होतं. त्या वेळी मी हलले नाही." त्या आपल्या पायाकडे बघत होत्या. "या वेळी हलले. ग्रहण सुटेपर्यंत हलत होते."

कोरे पुढे वाकले, मान तिरपी करून त्यांनी तो पाय वरपासून खालपर्यंत बघितला.

"वहिनी, फोटू लई भारी हाय. पर उलटा पडलाय. आमच्या स्लाइडीत घास वरनं हाय, तुमच्यात खालनं."

"कवडशात उलटंच पडतं, कोरे," सर म्हणाले. त्यांचा आवाज जागेवर नव्हता.

"मग मान उलटी करून बघा," काकू म्हणाल्या.

कोरे हसले, आम्ही सगळे हसलो. सर हसले नाहीत. ते टेबलाला धरून हळूहळू खाली बसले, स्टुलापाशी, भर सभेत बायकोच्या पायाशी, आणि त्यांनी खरोखरच मान खाली घालून तिरपी केली, इतकी की टोपी पडली. मग चष्मा वर सारून घोट्यापासून बघायला सुरुवात केली. एकेका सूर्यापाशी थांबत होते. बारीक कोरीपाशी आले आणि तिथेच राहिले.

काकूंनी वाट बघितली. आम्हीही बघत होतो. कोणीतरी चहाच्या कपांचा आवाज केला, त्याला मुजावरांनी हाताने थांबवलं.

"दिसलं का?" काकूंनी विचारलं.

"अजून नाही," सर म्हणाले. "राहू दे."